प्लॅटिनमची पारख आणि निगा



आपल्या भागात 'पांढरे सोने' म्हटले की डोळ्यांपुढे कापूसच येतो. दिवाळीच्या आगेमागे आदिलाबादच्या मार्केट यार्डाकडे भरलेल्या गाड्यांची रांग लागते, ते आपले पांढरे सोने. सराफाच्या दुकानात मात्र 'व्हाईट गोल्ड' नावाची वेगळी वस्तू असते. त्याच काचेखाली शेजारी प्लॅटिनमची अंगठी असते, आणि खालच्या खणात चांदी. तिन्ही पांढऱ्या, तिन्ही चकचकीत. गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील लग्नांत वधूवरांसाठी प्लॅटिनमच्या जोडीच्या अंगठ्या घेण्याची पद्धत रुळू लागली आहे. नागपूर, नांदेड किंवा हैदराबादहून त्या आणल्या जातात आणि घरी आल्यावर प्रश्न सुरू होतात. हे सोन्यापेक्षा महाग ना? हे काळे पडते का? आपल्या सोनाराकडे सैल करून मिळेल का? अडीनडीला गहाण ठेवता येईल का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर बहुतेकांना दुकानातून बाहेर पडल्यावर कळते. ते खरेदीच्या आधी कळावे, हा या लेखाचा हेतू आहे. पण त्यासाठी आधी धातूची ओळख करून घेऊ.

प्लॅटिनम हे मूलद्रव्य आहे. अणुक्रमांक ७८. आवर्तसारणीत ते सोन्याच्या (७९) अगदी शेजारी बसते. व्हाईट गोल्ड हे मूलद्रव्य नाही. ते पिवळे सोनेच असते, त्यात पॅलेडियम किंवा निकेल यांसारखा धातू मिसळून पिवळेपणा घालवलेला असतो आणि वरून बहुधा ऱ्होडियम या चमकदार धातूचा पातळ मुलामा दिलेला असतो. म्हणजे दुकानदार 'व्हाईट गोल्ड' म्हणाला आणि आपण 'प्लॅटिनम' समजलो, तर आपण दोन वेगळ्या धातूंची, दोन वेगळ्या भावांची आणि दोन वेगळ्या प्रकारच्या निगेची गल्लत केली. ही गल्लत शिकलेल्या घरांतही होते.

प्लॅटिनमचे नाव स्पॅनिश आहे. कोलंबियाच्या नद्यांच्या वाळूतून सोने गाळताना स्पॅनिश लोकांना सोन्याबरोबर पांढुरके जड कण मिळत. ते वितळत नसत, म्हणून निरुपयोगी. त्यांना 'प्लातिना' म्हणजे 'किरकोळ चांदी' असे हिणवून नाव पडले. अंतोनियो दे उयोआ हा स्पॅनिश नौदल अधिकारी १७३५ मध्ये एका शास्त्रीय मोहिमेबरोबर दक्षिण अमेरिकेत गेला होता. १७४८ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात या धातूची नोंद आहे. हे कण सोन्याहूनही जड असल्यामुळे सोन्यात भेसळ करायला सोयीचे होते. ती भेसळ होऊ नये म्हणून त्या काळी हा धातू नदीत टाकून दिला जाई. आज ज्याची अंगठी मखमली डबीत ठेवून देतात, तो धातू एके काळी टाकाऊ होता, ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलांना फार आवडते.

न वितळणे हा जो दोष मानला गेला, तोच पुढे गुण ठरला. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, सोने १०६४ अंशांना. प्लॅटिनमला १७६८ अंश लागतात. हवा, पाणी, घाम, लिंबू, चिंच यांतल्या कशाचाच त्यावर परिणाम होत नाही. साध्या आम्लांना ते दाद देत नाही. विरघळते ते अम्लराजात, म्हणजे नत्राम्ल व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणात. म्हणूनच जगाचे एक किलोचे प्रमाण वजन पॅरिसजवळ सेव्र येथे ९० टक्के प्लॅटिनम व १० टक्के इरिडियम यांच्या मिश्रधातूचे करून ठेवले गेले. त्याची भारताला मिळालेली ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या तुकड्यावर अवलंबून राहिली नाही, ती प्लांकच्या स्थिरांकावरून केली जाते. तरीही शंभराहून अधिक वर्षे साऱ्या जगाचे वजनकाटे शेवटी प्लॅटिनमच्या त्या एका ठोकळ्याला बांधलेले होते.

आपल्या प्रयोगशाळेत ज्योतीची परीक्षा करतो, तिच्यासाठी जुन्या पुस्तकांत 'प्लॅटिनमची तार घ्या' असे असे. ती का, हे आता लक्षात येईल. तार ज्योतीत तापते, पण जळत नाही आणि स्वतःचा रंग ज्योतीला देत नाही. परवडत नाही म्हणून शाळा नायक्रोमची तार वापरतात, एवढाच फरक.

गोवळकोंड्याच्या खाणींशी ज्याचे नाव जोडले जाते तो कोहिनूर हिरा १९३७ पासून इंग्लंडच्या राणीच्या ज्या मुकुटात बसवलेला आहे, तो मुकुटही प्लॅटिनमचा आहे. हिऱ्यांसाठी हा धातू निवडण्याचे कारण साधे आहे. हिरा धरून ठेवणारे नखाएवढे आकडे चिवट असावे लागतात आणि त्यांच्या पिवळेपणाची छटा हिऱ्यात उतरू नये.

अंगठीवरचे अक्षर आणि आकडा

दागिन्यात शुद्ध प्लॅटिनम वापरत नाहीत, कारण ते मऊ पडते. आपल्याकडे मिळणारे बहुतेक दागिने '९५०' शुद्धतेचे असतात. म्हणजे हजार भागांत ९५० भाग प्लॅटिनम आणि उरलेल्या ५० भागांत रुथेनियम, कोबाल्ट, तांबे, इरिडियम यांपैकी काही. हिशेब सोन्यासारखाच आहे. २२ कॅरेट सोन्यावर '९१६' लिहितात, कारण हजारात ९१६ भाग सोने असते. १८ कॅरेटवर '७५०' असते. तेव्हा अंगठीच्या आतल्या बाजूस भिंग लावून पाहावे. 'पीटी' ही दोन रोमन अक्षरे व ९५० असेल तर प्लॅटिनम. ७५० असेल तर ते १८ कॅरेट सोने, मग ते कितीही पांढरे दिसो. ९२५ म्हणजे चांदी. एवढे वाचता आले तरी निम्मे काम झाले.

येथे एक फरक पालकांनी ध्यानात घ्यावा. भारतीय मानक ब्युरोने सोन्याचे हॉलमार्किंग २००० मध्ये व चांदीचे २००५ मध्ये सुरू केले. १६ जून २०२१ पासून ठरावीक जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने सोन्यासाठी ते सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असणे आवश्यक आहे आणि 'बीआयएस केअर' या ॲपवर तो क्रमांक घालून कोणालाही दागिन्याची माहिती पाहता येते. चांदीसाठी अशा क्रमांकाची ऐच्छिक सोय १ सप्टेंबर २०२५ पासून झाली. ही सक्ती प्लॅटिनमला लागू केलेली नाही. प्लॅटिनमच्या बाबतीत विश्वास ठेवायचा तो दागिन्यावरील शिक्क्यावर, पक्क्या बिलावर आणि हमीपत्रावर. प्लॅटिनम गिल्ड इंटरनॅशनल ही संस्था अधिकृत दुकानांमार्फत हमीपत्राची योजना चालवते. त्यात कार्डावरचा क्रमांक दागिन्यावरील क्रमांकाशी जुळावा लागतो. कार्ड मिळाले म्हणजे झाले, असे नव्हे. दोन्ही क्रमांक दुकानातच, समोरासमोर, भिंगाखाली जुळवून घ्यावेत. लाजू नये. दोन क्विंटल कापसाचे वजन करताना आपण काट्याकडे डोळे लावून उभे राहतो, मग येथे का संकोचायचे?

बिलावर प्लॅटिनमचे वजन वेगळे, खड्यांचे वजन वेगळे, शुद्धता, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि कर हे स्वतंत्र लिहून घ्यावे. 'अंगठी एक नग' आणि खाली एकूण रक्कम, असे बिल पुढे मोडीच्या वेळी काहीच कामाचे नसते.

आपले जुने सोनार कसोटीच्या दगडावर रेघ ओढून, तीवर आम्ल सोडून सोन्याचा कस सांगतात. त्यांची नजर अशी तयार असते की त्यांना आकड्याची गरजही भासत नाही. परंतु ही विद्या सोन्याची आहे. प्लॅटिनमवर सोन्याचे आम्ल चालत नाही आणि पांढऱ्या रेघांमधला फरक डोळ्याला सहज कळत नाही. त्यात सोनाराचा कमीपणा नाही. अशा वेळी क्ष-किरणांनी धातूची परीक्षा करणारे यंत्र ज्यांच्याकडे आहे, अशा ठिकाणी दागिना दाखवावा. यंत्राने दागिना कापावा किंवा घासावा लागत नाही.

चुंबकाच्या परीक्षेबद्दलही बरेच ऐकायला मिळते. चुंबकाला ओढले गेले म्हणजे खोटे, असे सरसकट म्हणू नये. ज्या प्लॅटिनममध्ये कोबाल्ट मिसळलेला असतो, ते बळकट चुंबकाकडे किंचित ओढले जाते आणि तरी ते पूर्ण ९५० शुद्धतेचे असते. उलट चांदी चुंबकाला मुळीच चिकटत नाही, म्हणून ती प्लॅटिनम ठरत नाही.

घनतेचा प्रयोग

विद्यार्थ्यांनो, आर्किमिडीजचे तत्त्व आपण परीक्षेत पाच गुणांसाठी लिहितो. त्याचा इतका चांगला उपयोग दुसरीकडे क्वचितच सापडेल. एक घनसेंटिमीटर पाण्याचे वजन एक ग्रॅम. तेवढीच चांदी साडेदहा ग्रॅम, सोने १९.३ ग्रॅम आणि प्लॅटिनम जवळजवळ साडेएकवीस ग्रॅम भरते. चांदीची पाच ग्रॅमची अंगठी जशीच्या तशी प्लॅटिनममध्ये घडवली तर ती सुमारे दहा ग्रॅमची होईल. प्लॅटिनमची अंगठी हातात घेताच 'वजनदार' वाटते, ती यामुळे.

शून्य दशांश शून्य एक ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. आधी अंगठीचे कोरडे वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. अंगठी बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबती धरा. ती तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटका. आता काटा जो आकडा दाखवतो, ते अंगठीने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळाली.

समजा अंगठी सहा ग्रॅमची आहे. ९५० प्लॅटिनमची असेल तर काट्यावर ०.२९ ग्रॅमच्या आसपास आकडा येईल. १८ कॅरेट व्हाईट गोल्डची असेल तर ०.४० च्या जवळपास. ९२५ चांदीची असेल तर ०.५८. स्टीलची असेल तर ०.७६. फरक एवढा स्पष्ट आहे की हात थोडा थरथरला तरी उत्तर चुकत नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अंगठीत खडे असतील किंवा ती आतून पोकळ असेल तर हा हिशेब लागू पडत नाही. आणि टंगस्टन नावाचा स्वस्त धातू घनतेत नेमका सोन्याइतका, म्हणजे १९.३ असतो. सोन्याच्या लगडीत टंगस्टन भरून फसवल्याच्या घटना जगात झालेल्या आहेत. म्हणून घनता जुळली नाही तर 'हे ते नव्हे' असे खात्रीने म्हणता येते. घनता जुळली तर 'हे तेच' असे म्हणण्यासाठी मात्र यंत्र लागते.

निगा

प्लॅटिनमची रोजची निगा सोपी आहे. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब किंवा रिठ्याचे पाणी घ्यावे. दागिना दहा मिनिटे बुडवून ठेवावा, लहान मुलांच्या दात घासण्याच्या मऊ ब्रशने आतून बाहेरून हलक्या हाताने फिरवावा, स्वच्छ पाण्यात धुऊन सुती फडक्याने टिपावा. हे मोरीत करू नये, बादलीत किंवा पातेल्यात करावे. निसटलेली अंगठी मोरीच्या जाळीतून गेली की ती शोधायला नळकारागीर लागतो. टूथपेस्ट, राख, रांगोळी, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नये. धातू काळा पडत नाही हे खरे, परंतु त्यावर बारीक चरे पडतात.

चऱ्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तक्रारी याच होतात. 'इतके पैसे मोजले आणि वर्षभरात अंगठी मंद दिसू लागली' असे म्हणतात. चरा सोन्यावरही पडतो आणि प्लॅटिनमवरही. सोने घासले की त्याचा अगदी बारीक कण निघून जातो, म्हणून आजीच्या पाटल्या तीस वर्षांनी पातळ झालेल्या दिसतात. प्लॅटिनममध्ये चरा पडताना धातू बहुतांशी बाजूला सरकतो, शेतात नांगराच्या तासाशेजारी माती साचते तसा. वजन जवळपास तेवढेच राहते. असे असंख्य चरे मिळून जी मऊ, करडी झाक येते ती काही जणांना आवडते. ज्यांना आरशासारखी चमक हवी त्यांनी चांगल्या कारागिराकडून पॉलिश करून घ्यावे, पण दर सणाला नको. माझे मत विचाराल तर ती करडी झाकच या धातूला शोभते.

प्लॅटिनम सोन्याहून कठीण आहे. म्हणून एकाच बोटात सोन्याची व प्लॅटिनमची अंगठी एकमेकींना चिकटून घालू नये. झिजेल ती सोन्याची. डबीतही दोन्ही वेगळ्या ठेवाव्यात, आणि हिऱ्याचा दागिना तर सर्वांपासूनच वेगळा, कारण हिरा सगळ्यांना ओरखडतो. कणीक मळताना, शेंगा फोडताना, सरकी हाताळताना खड्याची अंगठी काढून ठेवावी. दर वर्षी एकदा कानाजवळ धरून अंगठी हलवावी. खडा खुळखुळला तर आकडे सैल झालेत, दागिना लगेच दाखवावा.

व्हाईट गोल्डची गोष्ट वेगळी. ऱ्होडियमचा मुलामा रोजच्या वापराने झिजतो आणि खालून पिवळसर रंग डोकावू लागतो. अशा वेळी 'फसवले' असे म्हणून भांडायला जाऊ नये. तो धातूचा स्वभावच आहे, मुलामा पुन्हा देता येतो. ज्यांच्या त्वचेवर निकेलने पुरळ उठते त्यांनी मात्र व्हाईट गोल्ड घेण्यापूर्वी त्यात निकेल आहे का, हे विचारावे. प्लॅटिनमने असा त्रास सहसा होत नाही.

चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे. मिरचीवरील भुरीसाठी गंधकाची भुकटी धुरळून आलेल्या हातांनी पैंजण हाताळले तर ते लवकर काळवंडणारच. काळेपणा घालवायला भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमची पातळ पन्नी, तीवर चांदी, एक चमचा खाण्याचा सोडा आणि कडकडीत पाणी, एवढे पुरते. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातो. ही कृती साध्या चांदीसाठी आहे. मोती, मीनाकारी किंवा खडे असलेल्या दागिन्यांवर करू नये.

सोन्यासाठी एकच गोष्ट, आणि ती मुलांसाठी. काचेचा तापमापक फुटून पारा सांडला तर सोन्याची अंगठी किंवा बांगडी घातलेल्या हाताने त्याच्याजवळ जाऊ नये. पारा सोन्यात मुरतो, सोने पांढरे व ठिसूळ होते. शिवाय पारा विषारी आहे, तेव्हा कोणत्याही हाताने न शिवता शिक्षकांना बोलवावे.

सैल अंगठी आणि सोनाराचे दुकान

आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्ध आहे आणि उन्हाळाही काही कमी नाही. लग्ने बहुधा एप्रिल-मेमध्ये होतात. उन्हाने बोटे फुगलेली असताना माप दिले जाते आणि डिसेंबरच्या पहाटे तीच अंगठी बोटातून घसरते. म्हणून माप सकाळ-संध्याकाळ, निदान दोनदा घ्यावे. सोन्याच्या अंगठीला हे फार लागत नाही, कारण ती गल्लीतल्या सोनाराकडे तासाभरात लहान-मोठी होते. प्लॅटिनमची होत नाही.

का होत नाही, हे वर दिलेल्या आकड्यांतच आहे. फुंकणीची किंवा साध्या हवेवरच्या गॅसची ज्योत सोन्या-चांदीला पुरते. प्लॅटिनमला ऑक्सिजन जोडलेली ज्योत किंवा लेझर यंत्र लागते. कोळशावर ठेवून ते तापवणेही धोक्याचे. इतक्या तापमानाला कोळशातला कार्बन आणि मुशीतला सिलिकॉन धातूत शिरला तर धातू तडकतो. मग कोणी भिडेखातर चांदीचा डाख देऊन सांधा जोडून देतो. आमच्या परिचयातील एका घरी असेच झाले. अंगठी लहान झाली, दिसायलाही बरी होती. सहा महिन्यांनी सांध्याची रेघ काळपट झाली, आणि मूळ दुकानात परत नेली तेव्हा 'बाहेरचा डाख लागला आहे' म्हणून ठरलेल्या दराने घ्यायला नकार मिळाला. कोणाचाच हेतू वाईट नव्हता. प्लॅटिनमच्या अंगठीसाठी जेथून घेतली तेथेच जावे आणि दुरुस्ती, माप बदलणे व पॉलिश यांची अट खरेदीच्या दिवशीच बिलावर लिहून घ्यावी.

आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील उशेगाव, केसलागुडा येथील ओझा कारागिरांची डोकरा कला अनेकांनी पाहिली असेल. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. मेणाची मूर्ती घडवायची, मातीने लिंपायची, तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत पितळ ओतायचे. प्लॅटिनमच्या अंगठ्याही मूळ याच तत्त्वावर ओतल्या जातात. फरक एवढाच की पितळ हजार अंशांच्या आतबाहेर ओतता येते, त्यामुळे मातीची भट्टी चालते. प्लॅटिनमच्या भट्टीला आणि साच्याला जवळपास दुप्पट उष्णता सोसावी लागते.

अडीनडीचा प्रश्न

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. मार्च २००८ मध्ये प्लॅटिनमचा भाव औंसाला २२०० डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा सोने हजार डॉलरच्या आसपास होते. 'प्लॅटिनम सोन्याच्या दुप्पट' हे आपल्या मनात बसलेले वाक्य त्या काळचे आहे. २०१५ पासून सोनेच महाग आहे. प्लॅटिनम सोन्याहून कितीतरी दुर्मिळ आहे हे खरे. जगात वर्षाला खाणींतून सोने साडेतीन हजार टनांच्या आसपास निघते, प्लॅटिनम दोनशे टनही नाही, आणि त्यातले सुमारे सत्तर टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून. परंतु दुर्मिळता वेगळी आणि मागणी वेगळी. प्लॅटिनमचा मोठा ग्राहक मोटारींचा कारखाना आहे. धूर स्वच्छ करणाऱ्या उपकरणात ते लागते. डिझेल गाड्यांचा खप घटला की प्लॅटिनमचा भाव हलतो. सोन्याच्या मागे घराघरांतील बायका आहेत आणि देशोदेशींच्या मध्यवर्ती बँकाही. आपल्या रिझर्व्ह बँकेजवळ आठशे टनांहून अधिक सोने आहे.

याचा आपल्या घराशी संबंध असा. जून उजाडला की बी-बियाणे, खत आणि शाळेची फी एकदम येते. त्या वेळी मंगळसूत्राच्या वाट्या सोडून बाकीचे सोने, मोहनमाळ, पाटल्या, एखादे नाणे, बँकेत ठेवून कर्ज काढणारी घरे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. कापूस विकला की दिवाळीनंतर दागिना परत येतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये दागिन्यांच्या तारणावरील कर्जाचे नियम एकत्र करून जाहीर केले, ते सोने व चांदी या दोनच धातूंसाठी आहेत. सोन्यावर कर्ज देणाऱ्या कंपन्याही प्लॅटिनम सहसा घेत नाहीत. विकायला गेले तर गावचा सोनार घेत नाही. ज्या दुकानातून घेतले तेच दुकान, बिल व कार्ड पाहून, घडणावळ वजा करून घेते. प्लॅटिनमची घडणावळ सोन्याहून अधिक असते आणि ती परत मिळत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, आवड असेल तर वधूवरांच्या अंगठ्या प्लॅटिनमच्या जरूर घ्याव्यात. रोज वापरायला, घामाला, साबणाला, कारखान्यात किंवा दवाखान्यात काम करणाऱ्या हातांना इतका निर्धास्त धातू दुसरा नाही. पण मुलीच्या स्त्रीधनाच्या हिशेबात तो धरू नये. स्त्रीधन म्हणून द्यायचे ते हॉलमार्कचे सोने द्यावे, आणि त्याचे बिल मुलीच्या नावाने करून मुलीच्याच हाती द्यावे. काही पालक 'पाच तोळ्यांऐवजी तीन तोळे सोने आणि बाकी प्लॅटिनम' असा सौदा मोठेपणासाठी करतात. तो करताना मुलीला विचारलेले फारसे आढळत नाही.

शेवटी प्रयोगाबद्दल एक सूचना. वर सांगितलेला घनतेचा प्रयोग आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहता येईल. त्यासाठी घरातील कोणताही दागिना शाळेत आणू नये, आईने परवानगी दिली तरी नाही. स्टीलचा लहान चमचा, पितळी घुंगरू (आतील गोळी काढून), तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि मिळाल्यास वीस पैशांचे जुने षट्कोनी नाणे आणावे. ते नाणे ॲल्युमिनियमचे आहे. घनता २.७ च्या जवळ आली तर तुमचा हात स्थिर आहे असे समजा, मग घरी आईसमोर अंगठीचे वजन करा.